लंडन, किरिसमास

बेसो, तारावा
२ जुलै

बरानिको, मौरी.

मी तुझी तांगिरा आत्या, तुझ्या बापाची थोरली बहीण. तू मला एकदाच पाहिलंयस. तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि माझ्या ताटातला मासा संपवून काटे मला परत दिले होतेस.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी ओरडते, तू 'हां, हां' म्हणतोस आणि दोघांच्याही पदरात काही पडत नाही. हे पत्र दवाखान्यातली नर्स ब्रिस्बेनला नेतेय, तिला चहा पाज.

आता मुद्द्याचं. ही माझी बुबुती आहे. बुबुती म्हणजे काय ते बापानं शिकवलं असेलच. नसेल तर मी शिकवते. नात्यातल्या माणसानं बुबुती म्हणून काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. हसत दे नाहीतर रडत दे, पण द्यावं लागतं.

मला लंडनचं विमानाचं तिकीट काढून दे, जायचं आणि यायचं. माझी मावसबहीण किनाई तिथे राहते. तिच्या नातीचं पहिलं वर्ष भरतंय, आणि त्या पोरीला त्यांनी माझं नाव ठेवलंय. पोरीला कडेवर घेऊन सगळ्या गावासमोर सभाघरात, मानेआबात, मीच यायचं असा किनाईचा निरोप आहे. अकरा वर्षांत तिचा हा पहिला निरोप. माझं तिच्याकडे थोडं कामही आहे, पण ते तुला सांगण्यासारखं नाही.

तू विमानतळावर नोकरीला आहेस, म्हणजे विमानं तुझ्या ओळखीचीच असणार. बापाला विचारत बसू नकोस, तो मार्चपर्यंत बोटीवर आहे.

पत्ता लिहून घे (नेई म्हणजे बाई): नेई किनाई, मासळीच्या बर्फखान्यामागे, लंडन, किरिसमास.

साबो.
तांगिरा आत्या


ब्रिस्बेन
१४ जुलै

आत्या, मौरी.

नमस्काराच्या 'मौरी'पासून निरोपाच्या 'साबो'पर्यंत माझी भाषा बाबांनी शिकवलेली आहे, आणि बाबा वर्षातले नऊ महिने बोटीवर असतात, त्यामुळे ती तीन महिन्यांचीच आहे. चुकलं तर सांभाळून घे.

आधी एक खुलासा करतो. मी विमानतळावर आहे खरा, पण हरवलेल्या बॅगांच्या खिडकीवर. विमानांशी माझी ओळख नाही. विमानातून उतरून बॅग न मिळालेल्या माणसांशी मात्र रोजची आहे, आणि ती माणसं मला जे म्हणतात ते तुला लिहिण्यासारखं नाही.

तुझं तिकीट काढलं. बुबुतीला नाही म्हणायचं नाही हे बाबांनी मला पाळण्यातच सांगितलंय, म्हणून मी नाही म्हटलं नाही. फक्त जरा वेळ खाली बसलो. तारावा ते लंडन सरळ रेषेत चौदा हजार किलोमीटर आहे, आत्या. सरळ कुणी नेत नाही. तारावाहून फिजी, फिजीहून हाँगकाँग, तिथून लंडन. नुसतं हवेत सव्वीस तास, आणि मधलं ताटकळणं धरलं तर दोन दिवस कसेही जातील. पाय सुजतात, तेव्हा मधूनमधून उठून चालत जा. शेजारच्याला राग आला तरी चाल.

तू लिहिलंस तसं किरिसमासचंच काढलंय. चोवीस डिसेंबरला सकाळी पोचशील. पोरगी नेमकी नाताळात जन्मली, किती छान.

तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी असते, आणि किनाई आत्या बर्फखान्यामागे राहते म्हणजे विचारायलाच नको. म्हणून एक चाकांची बॅग पाठवतोय, आत लोकरीचा कोट आणि हातमोजे आहेत. बॅगेला मी स्वतः पट्टी बांधलीय आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'लंडन' लिहिलंय. ही पट्टी तुटत नाही, कात्रीनं कापावी लागते. जगातल्या कुणाचीही बॅग हरवेल, माझ्या आत्याची हरवणार नाही.

वेळ मिळाला तर पॅरिसही बघून ये. लंडनहून अगदी जवळ आहे.

तुझा
बरानिको


बेसो
२७ जुलै

बरानिको, मौरी.

बॅग पोचली. चाकं छान आहेत, फक्त इथल्या वाळूत ती फिरत नाहीत, तेव्हा मी ती डोक्यावरून घरी आणली. कोट घालून अंगणात उभी राहिले तर शेजारीण पळत आली आणि म्हणाली, "तांगिरा, ताप केव्हापासून आहे?" हातमोजे मात्र उत्तम. चुलीतला नीरफणस काढायला असं काही माझ्याकडे कधीच नव्हतं.

पण पोरा, तुला कुणीतरी फसवलंय. लंडन इतकं लांब नाही. इथून फिजी तीन तास, फिजीहून लंडन पाच तास, संपलं. मागच्या महिन्यात आमचे पाद्री गेले होते. त्यांचे पाय काही सुजले नाहीत. आणि चौदा हजार कुठले? इथे सगळे सव्वातीन हजार सांगतात. तुझं विमान वाटेत एकेकाला घरी सोडत जातं का? हाँगकाँगमध्ये आपलं कोण आहे?

आणि हा डिसेंबर कुठून आणलास? पोरीचं वर्ष चौदा सप्टेंबरला भरतंय. डिसेंबरात गेले तर ती मला पळत पळत घ्यायला येईल.

पॅरिसला जाऊन काय करू? तिथे कोणी राहत नाही. माड आहेत आणि खेकडे आहेत. किनाईचा नवरा कधीमधी होडीनं जातो आणि नारळ घेऊन येतो. पोलंडला मात्र एक दिवस जाईन म्हणते. ट्रकच्या मागे चटई टाकून बसलं की जेवायच्या वेळेला पोचतो.

हवा तिकडे इथल्यासारखीच आहे. घड्याळ तेवढं दोन तास पुढे करावं लागतं.

तिकीट बदल. आणि ज्याच्याकडून काढलंस त्याला माझ्या वतीनं दोन शब्द ऐकव.

तांगिरा आत्या


ब्रिस्बेन
५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

घाबरू नकोस. मी घाबरलोय, पण तू घाबरू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि आईलाही दाखवलं. आई म्हणाली, अशा वेळी वाद घालायचा नसतो, शांतपणे बोलायचं असतं. म्हणून मी शांतपणे लिहितोय. लंडनला पाच तासांत जाता येत नाही. लंडनचं घड्याळ तुझ्या पुढे नाही, मागे आहे, चांगलं अर्धा दिवस मागे. पॅरिसमध्ये वीस लाख माणसं राहतात. पोलंडला ट्रकच्या मागे बसून जेवायला पोचणं शक्य आहे, पण कुठल्या दिवशीच्या जेवणाला ते मी सांगू शकत नाही.

हे वयामुळे होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या आईची आई शेवटी शेवटी टपालपेटीला घरात बोलवायची. मला फक्त इतकं सांग: तुला सध्या कुठला महिना चालू आहे असं वाटतं? सकाळी काय खाल्लंस? आणि तुला पाच तासांत लंडनला नेतो म्हणणारा तो पाद्री नक्की पाद्रीच आहे ना? त्याच्या हातात काही देऊ नकोस.

हे पत्र शक्यतो विश्वासातल्या माणसाकडून वाचून घे.

तुझा काळजीत असलेला
बरानिको


बेसो
१५ ऑगस्ट

बरानिको,

महिना ऑगस्ट चालू आहे. सकाळी भात आणि तळलेला मासा खाल्ला. मासा कुठला होता तेही हवं का?

तुझं पत्र मी विश्वासातल्या माणसाकडूनच वाचून घेतलं, म्हणजे त्या पाद्र्यांकडूनच. 'नक्की पाद्रीच आहे ना' इथपर्यंत त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि मग हसता हसता चटईवर आडवे झाले. त्यांनीच उलगडा केला. अरे आय-मातांगा, गोऱ्या साहेबा, तू साहेबांच्या लंडनबद्दल बोलत होतास होय?

आपल्या देशात लंडन आहे. पॅरिस आहे, पोलंड आहे, आणि बनाना नावाचंही एक गाव आहे, विमान त्याच्याच शेजारी उतरतं. ही सगळी किरिसमास बेटावर आहेत. किरिसमास म्हणजे नाताळ, हे खरं. पण किरिसमास म्हणजे ते बेटही. कुण्या गोऱ्या कप्तानाला ते नाताळात दिसलं आणि त्याला दुसरं नाव सुचलं नाही. पुढे तिथे माड लावणाऱ्याला घरची आठवण येत असावी, म्हणून लंडन काय नि पॅरिस काय. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुझ्या बापानं तुला बुबुती शिकवली आणि देश शिकवायचा राहिला.

आता रागातच आहे तर ते कामही सांगून टाकते. माझ्याकडे एक शिवणाचं मशीन होतं, हातानं फिरवायचं, आईचं. अर्ध्या बेसोच्या बायका माझ्याकडून सिबुता शिवून घ्यायच्या, इतक्या बारीक चुण्यांची सैल चोळी कुणाला जमत नव्हती. किनाई लंडनला राहायला निघाली त्या दिवशी बोटीच्या शिडीवर पाय ठेवून वळली आणि म्हणाली, "तांगिरा, बुबुती. ते मशीन दे." पंधरा माणसं ऐकत होती. काय करणार? दिलं. तेव्हापासून मी तिच्याशी बोलले नाही.

आता मी जाणार, पोरीला कडेवर घेणार, आणि सगळा मानेआबा भरलेला असताना म्हणणार, "किनाई, बुबुती." बघू कशी नाही म्हणते.

फिजीहून लंडनला आठवड्यातून एकच विमान आहे. चौदा तारखेच्या आधीचं सात सप्टेंबरला सुटतं. त्याचं काढ.

तांगिरा आत्या


ब्रिस्बेन
२२ ऑगस्ट

आत्या, मौरी.

पाया पडतो. पाद्रीबाबांच्याही पडतो. त्या पत्रातलं माझं एकही वाक्य लक्षात ठेवू नकोस, फक्त काळजी होती ती खरी होती एवढं धर.

काम झालं. आणि गंमत ऐक, किरिसमास बेट आमचंच निघालं, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं. तुम्ही तिकडे राहून तुम्हालाही हे माहीत नसावं याचं मला नवल वाटलं. तू आधी फिजीहून ब्रिस्बेनला येशील, मी तुला भेटेन, मग आपण इथून पर्थ गाठू आणि पर्थहून बेटाचं विमान. तारावापासून सरळ मोजलं तर साडेसात हजार किलोमीटर होतात. सव्वातीन म्हणणारे थोडं कमी मोजतात.

नकाशावर लंडन गाव काही सापडलं नाही, फारच लहान असेल. मी आधी जरा कचरलो. पण मग वाचलं की तिथे खेकडे आहेत, लाल, लाखोंनी, रस्त्यावरून मिरवणुकीनं जातात. तू खेकड्यांचं लिहिलंच होतंस. मग शंकाच उरली नाही.

तुझा
बरानिको


बेसो
२८ ऑगस्ट

बरानिको,

हे बेट ते नव्हे. जगात किरिसमास दोन आहेत आणि तू बरोबर चुकीचं धरलंस. खेकडे सगळ्याच बेटांवर असतात, पोरा. बेटं असतातच खेकड्यांची.

तू मला उलट्या दिशेला पाठवतोयस. सूर्य मावळतो तिकडे. मला उगवतो तिकडे जायचंय, अगदी टोकाला. कॅलेंडरचा नवा दिवस आधी तिथे लागतो, मग आमच्याकडे येतो, आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत शिळा झालेला असतो.

आता मी चेष्टा करत नाहीये. सातचं विमान चुकलं तर पुढचं चौदाला, आणि त्या विमानातून उतरेपर्यंत मानेआबातली पानं वाढून झालेली असतील. किनाई काय समजेल? तांगिराच्या मनातून मशीन अजून गेलं नाही, म्हणून आली नाही. मग ती परत निरोप पाठवणार नाही, मी तिला ओळखते, ती माझ्याइतकीच हट्टी आहे. आणखी अकरा वर्षं रुसून बसायला आम्हा दोघींकडे आता अकरा वर्षं शिल्लक आहेत का, ते देवाला माहीत.

तिकिटांच्या कचेरीतली बाई म्हणाली, त्याला गावांची नावं सांगूच नका, ही तीन अक्षरं सांगा: सी, एक्स, आय. पत्र मी वैमानिकाच्याच हातात देतेय.

तांगिरा


ब्रिस्बेन
१ सप्टेंबर

आत्या,

तिकीट सोबत आहे. सी, एक्स, आय. तारावा ते फिजी तीन तास, फिजी ते लंडन पाच तास. तू पहिल्यापासून बरोबर होतीस, पाद्रीही बरोबर होते. मी चौघांकडून तपासून घेतलं, त्यातला एक तर स्वतः विमान चालवतो.

आमच्या खिडकीच्या वर एक पाटी लावलेली आहे: 'नाव वाचू नका, तीन अक्षरं वाचा.' तिच्याखाली मी सहा वर्षं बसतोय. लोकांच्या बॅगा भलत्याच गावाला पाठवणाऱ्यांना मी रोज नावं ठेवतो, आणि स्वतःच्या आत्याला मी दोनदा भलत्याच गावाला पाठवलं.

पोचलीस की कळव. आणि मशीन सोडू नकोस.

बरानिको


लंडन, किरिसमास
१६ सप्टेंबर

बरानिको, मौरी.

पोचले. विमानात सगळा वेळ डोळे मिटून होते. खिडकीजवळच्या बाईला विचारत होते, खाली काय दिसतंय? ती प्रत्येक वेळी म्हणाली, पाणी. पाच तासांत तिनं दुसरं उत्तर दिलं नाही.

उतरले तर किनाई उभी. केस सगळे पांढरे झालेत. मी ठरवलं होतं की आधी तिनं बोलायचं. तिनंही तेच ठरवलं असणार, कारण आम्ही दोघी उन्हात उभ्या, आणि बाजूनं सामान निघून चाललं होतं. शेवटी सगळ्यांचं सामान आलं आणि माझं आलंच नाही, तेव्हा तीच बोलली.

"रिकाम्या हातांनी आलीस होय?"

"बॅग होती. चाकांची."

"मग कुठंय?"

विमानतळावरच्या माणसानं फिजीला विचारून आम्हाला सांगितलं. बॅगेवर मोठ्या अक्षरांत लंडन लिहिलेलं होतं, न तुटणारी पट्टी होती, म्हणून त्यांनी ती अगदी काळजीपूर्वक लंडनला पाठवली. साहेबांच्या.

किनाई हसायला लागली. ती अशी हसते हे मी विसरले होते, नाकातून आवाज काढत. मग मीही हसले. त्या बॅगेत माझी पोरीसाठी विणलेली चटई होती, माझे सगळे कपडे होते, तुझा कोट होता, आणि मी मात्र खाली बसून हसत होते.

घरी गेल्यावर किनाई म्हणाली, "पोरीला घेऊन मानेआबात काय नेसून येणार आहेस? हेच मळकं?" आणि कोपऱ्यातलं कापड बाजूला करून तिनं मशीन बाहेर काढलं. बरानिको, आईचं मशीन लखलखीत होतं, गेल्या आठवड्यातच तेल दिलेलं. ती चाक फिरवायला बसली आणि मी म्हणाले, "चुण्या चुकताहेत." ती म्हणाली, "अकरा वर्षं चुकताहेत, दाखवायला कोण होतं?" मग मी तिला ढकललं आणि स्वतः बसले. तिनं चाक फिरवलं आणि मी कापड सरकवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत माझा सिबुता झाला, उरलेल्या कापडात पोरीचाही झाला.

चौदाला मी तिला कडेवर घेऊन गेले. हातात चटई नव्हती, बॅग नव्हती, काही नव्हतं, त्यामुळे दोन्ही हातांनी घेता आलं. ती जड आहे, माझ्यावर गेलीय. सगळा मानेआबा भरलेला होता. किनाई माझ्याकडे बघत होती, तिला ठाऊक होतं मी काय मागणार ते. मी म्हणाले, "किनाई, बुबुती." आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. शेवटी म्हणाले, "मला अजून एक महिना ठेवून घे."

सगळे हसले. तिला नाही म्हणता येत नव्हतं.

परतीचं तिकीट पुढे ढकल. आणि माझी चटई शोध, ते तरी तुझं काम आहे.

तांगिरा आत्या


ब्रिस्बेन
३० सप्टेंबर

आत्या,

बॅग सापडली. खऱ्या, म्हणजे दुसऱ्या लंडनमध्ये, माझ्यासारख्याच एका खिडकीवर. तिथल्या माणसानं कळवलंय की पट्टी त्याला कापता आली नाही. माझ्या कोटाला एकट्यालाच लंडन बघायला मिळालं. चटई सुखरूप आहे. या वेळी मी त्याला गावाचं नाव सांगितलेलं नाही, फक्त तीन अक्षरं सांगितलीत. तिकीटही पुढे ढकललंय.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मी एक ओळ दोनदा सुरू केली. आईनं विचारलं काय झालं. मी म्हणालो, भाषा कठीण आहे.

आत्या, मी आजवर कुणाकडे बुबुती मागितलेली नाही. इकडे कुणाकडे मागणार? आता मागतो. पुढच्या वर्षी पोरीच्या वाढदिवसाला मला तिकडे बोलाव. मला ते मशीन बघायचंय, आणि जिथे कुणी राहत नाही असं पॅरिस बघायचंय. ही माझी बुबुती आहे.

तुझा
बरानिको


लंडन, किरिसमास
११ ऑक्टोबर

बरानिको,

ये. पण तिकीट मी काढते.

साबो.
तांगिरा आत्या